आडे मेजरचे चान्स

मनगट मोडतं तेव्हा आवाज होतो, हे मला बेचाळिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. बळीराम आडे माझ्या क्लासात आले त्या पहिल्याच दुपारी ते कळलं.

वणीला चंद्रपूर रोडवर, ट्रकच्या टायरच्या दुकानावर माझा क्लास आहे. मोठ्या संस्थांत एमबीए करायचं असणाऱ्यांचे मी निबंध तपासतो, मुलाखतीची तयारी करून घेतो आणि सगळ्यात आधी त्यांना त्यांचे चान्स सांगतो. तोंडाचा मी फाटका. ज्याचं होणार नाही त्याला पहिल्याच दिवशी ‘बाबू, घरी जा’ म्हणतो. गावात म्हणतात, या सरचा क्लास नाही, कसाईखाना आहे. म्हणोत बापडे. खोटी आशा लावून पोरांची दोन-दोन वर्षं खाणाऱ्यांपेक्षा मी बरा, असं मला तेव्हा वाटायचं.

आडे दारात उभे राहून, ‘आत येऊ का सर?’ असं विचारून आत आले. वय सदतीस, अंगानं बारके, केस इतके बारीक कापलेले की टाळू दिसावी. सतरा वर्षं फौजेत काढून आलेला माणूस. मारेगावकडच्या एका तांड्यावरचे, घरची कापसाची शेती. नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलेलं, आणि आता इथल्या एका कोळसा वाहतूकदाराच्या यार्डात सुरक्षा सुपरवायझर. गाव त्यांना ‘मेजर’ म्हणायचं. पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे येईल अशी खुर्ची फिरवून ते बसले, आणि प्रवेश परीक्षेच्या निकालाचा कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. तो पाहून मी चष्मा पुसून परत घातला. गणितात त्यांनी माझ्या सगळ्या हुशार पोरांना झोपवलं होतं.

“अनुभवी लोकायसाठी एक वर्षाचा कोर्स असते ना, मोठ्या संस्थेत,” ते म्हणाले. “तिथं माह्ये चान्स किती? अंदाजपंचे नाही सर, रेंज सांगा.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात खाली आरडाओरडा झाला. दुकानासमोर तिघंजण एका ट्रक ड्रायव्हरला तुडवत होते. त्यातल्या मुन्नाला मी ओळखत होतो. दुसऱ्या एका यार्डमालकाचा तो पोसलेला गुंड. त्याच्या हातात टॉमी होती, म्हणजे ट्रकचं चाक खोलायची ती लोखंडी कांब. ड्रायव्हरच्या तोंडातून रक्त येत होतं आणि सगळा चंद्रपूर रोड बघत उभा होता. मीही खिडकीतून बघतच होतो, खोटं कशाला बोलू.

“एक मिनिट सर,” म्हणून आडे खाली गेले. पळत नाही, चालत. मुन्नाचा टॉमीचा हात त्यांनी हवेतच धरला, ट्रकच्या फाळक्यावर आडवा ठेवला आणि वरून कोपर मारलं. तोच तो आवाज. दुसऱ्याच्या गुडघ्यावर बुटाची टाच बसली, तो लोळला. तिसरा पळाला. ड्रायव्हरला उठवून त्यांनी दुकानातल्या बाकावर बसवलं, नळावर साबणानं हात धुतले, नखंसुद्धा घासली, आणि वर येऊन परत खुर्चीत बसले.

“हं. तं किती म्हटले तुम्ही?”

मी म्हटलं, “आडे, आत्ता जे केलं ते पाहता, शून्य.”

राग आला असेल असं वाटलं. त्यांनी मान डोलावली. “म्हणूनच आलो न सर. फौज सोडली तवापासून ज्यानं बोलावलं त्यानं ह्याच्यासाठीच बोलावलं.” त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. “डोकं हाये हे कोनाले दिसतच नाही. मले असं काम पायजे जिथं हात उचला लागनार नाही. तेवढंच पायजे.”

फौजींसाठी सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, तो करा, असं मी सुचवलं. ते म्हणाले, “तो केलेले तिघं जन आमच्या यार्डाच्या गेटवर उभे हायेत. माह्याच हाताखाली.”

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच मी फसलो. म्हटलं, शंभरात चार. परीक्षेचे मार्क उत्तम, पण वय जास्त, इंग्रजी लष्करी, आणि मोठा अडथळा म्हणजे त्या लोकांना घाबरवणार नाही अशी एकतरी गोष्ट तुमच्या आयुष्यात सापडली पाहिजे. चार ऐकून त्या माणसाचा चेहरा असा फुलला की बाप्पा! जणू चार नाही, चाळीस म्हटलं. “चार मंजे लय झाले. चारात आमी टेकडी घेतली हाये,” म्हणाले, आणि लगेच उभं राहून त्यांनी मला वचन दिलं. आजपासून कोणावर हात उचलणार नाही. मी मागितलंही नव्हतं. “हुकूम झाला, विषय संपला,” हे त्यांचं पालुपद होतं. इथं हुकूम त्यांनी स्वतःच स्वतःला केला.

मग ते आठवड्यातून तीनदा यायला लागले. पाचची वेळ दिली तर पाचला पाच कमी असताना जिन्यावर बुटांचा आवाज. इंग्रजी लिहायचे ते सगळं मोठ्या अक्षरांत, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ‘सर’. तो ‘सर’ काढायला मला महिना लागला. एकदा मी चिडून वही भिरकावली, तर त्यांनी ती उचलून झटकली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “सर, रागावता तुम्ही आन चुकतो मी. जोडी जमली.”

‘नेतृत्वाचा प्रसंग लिहा’ असा एक निबंध होता. मी म्हटलं, सांगा एखादा. त्यांनी सांगितला तो मी आजतागायत विसरलो नाही. डोंगराळ भागातल्या गावात एका घराला वेढा. आठ जणांची तुकडी, पुढे आडे. दार फोडलं तशी त्यांच्या मागच्या जवानाच्या गळ्यात गोळी शिरली. आडेंनी डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या गळ्यातल्या भोकात घातली, रक्त थांबावं म्हणून, आणि उजव्या हातानं गोळीबार चालू ठेवला. रायफल अडकली. समोरचा माणूस अंगावर आला. ते स्वयंपाकघर होतं. हाताला दगडी खल लागला.

“किती वेळा मारलं मोजलं नाही,” आडे म्हणाले. “दुसऱ्या हाताची बोटं काढता येत नवती न सर. काढली असती तं आमचा मेला असता. तो वाचला. दिवाळीले फोन करते.”

घरी बायको खलात लसूण कुटायला बसली की हे उठून बाहेर जायचे. तिनं कारण विचारलं नाही. यांनीच एके दिवशी बाजारातून मिक्सर आणला आणि खल तांड्याच्या विहिरीत टाकून दिला.

पण धंदा तो धंदा. म्हटलं, हे असं लिहायचं नाही. ‘मारलं’च्या जागी ‘परिस्थिती नियंत्रणात आणली’ लिहा. आडेंनी वही मिटली. “तुमी कोर लोक भारी असता सर,” म्हणाले. कोर म्हणजे त्यांच्या बोलीत जो बंजारा नाही तो. “रक्त आमचं सांडते, शब्द तुमी धुता.”  

तो निबंध काही जमला नाही. साफ केला की खोटा वाटायचा, खरा ठेवला की भीती वाटायची. फॉर्मची तारीख जवळ आली, आणि मग मारेगावच्या बाजारातला प्रकार झाला.

आडे आणि त्यांची बायको सुनीताबाई भाजी घेत होते. मुन्ना चार जणांना घेऊन आला, मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, दुसऱ्या हातात टॉमी. “क्यूं मेजर, अब तोड के दिखा,” म्हणाला. आडेंनी हातातली पिशवी खाली ठेवली, पाय फाकवले, दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटं एकमेकांत अडकवली. फौजेत ‘विश्राम’ म्हटल्यावर उभं राहतात तसं. आणि तसेच उभे राहिले. पहिला फटका बरगडीवर बसला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला ते गुडघ्यावर आले, पण पाठीमागची बोटं सुटली नाहीत. कोणीतरी बुटानं तोंड ठेचलं, दोन दात तिथंच मातीत पडले. बाजार बघत होता. बघण्यात आम्ही लोक पटाईत.

थांबवलं ते सुनीताबाईंनी. भाजीवालीच्या तराजूतलं दोन किलोचं वजन उचललं आणि मुन्नाच्या कपाळावर हाणलं. तो आडवा झाला, कपाळ उघडं पडलं, रक्तानं डोळे भरले. बाकीच्यांकडे वजन रोखून त्या ओरडल्या, “शपथ माह्या नवऱ्यानं घेतली हाये रे! म्या नाही घेतली! या, कोन येते ते या!”

कोणी आलं नाही.

चौथ्या दिवशी आडे छातीला पट्टे बांधून क्लासात आले. एकेक पायरी थांबून थांबून चढले असावेत, कारण पाचला पाच मिनिटं उशीर झाला होता आणि त्याची त्यांनी माफी मागितली. बसता येत नव्हतं, भिंतीला टेकून उभे राहिले. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते.

“सर, हे लिहिता येईन का?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सरळ सांगतो. तो निबंध ते सांगत गेले आणि मी एका बैठकीत उतरवून घेतला. एक शब्द धुतला नाही. वीस वर्षं हे काम करतोय, त्याच्या तोडीचं काही माझ्या हातून गेलेलं नाही. फॉर्मही मीच भरायला बसलो, आडे बाजूला उभे. बोटं सुजली होती, नाहीतर स्वतः भरला असता.

आणि तिथं मी माती खाल्ली.

फॉर्मवर ‘शेवटचा हुद्दा’ असा रकाना होता. खाली यादी उघडायची, त्यातून एक निवडायचा. यादीत कॅप्टन, मेजर, कर्नल असलेच हुद्दे, शेवटी ‘इतर’. मी त्यांचं फौजेचं पुस्तक उघडून पाहिलं. त्यात लिहिलं होतं, कंपनी हवालदार मेजर. आता मला काय कळतं त्यातलं? आमच्याकडे फौजेतून आलेला स्वयंपाकीसुद्धा मेजर. गाव मेजर म्हणतं, मुन्ना मेजर म्हणतो, त्यांच्या मालकानं शिफारसपत्रात ‘मेजर आडे’च लिहिलेलं, आणि कागदावरही मेजर हा शब्द दिसतोय. हवालदार म्हणजे आधीची पायरी असेल, पुढे मेजर झाले असतील, असं मी मनाशी धरलं. विचारलं नाही. वीस वर्षांचा अनुभव ना! निवडलं ‘मेजर’. आडेंनी सही केली. मी दाखवलेल्या जागी, न वाचता. माझ्यावर विश्वास होता म्हणून.

हवालदार मेजर म्हणजे कंपनीतला सगळ्यात मानाचा हवालदार. मेजर म्हणजे अधिकारी. दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि जो नाही त्यानं स्वतःला अधिकारी म्हणवणं फौजेत गुन्हा आहे. हे सगळं मला नंतर कळलं.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तांड्यावर पेढे वाटले. मी चार सांगितले होते, आता म्हटलं, शंभरात साठ. आडे म्हणाले, “रेंज कमी झाली सर. आता नेम चुकत नाही.”

मुलाखतीत काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं, उभं राहून, परेडचा रिपोर्ट द्यावा तसं. समोर तिघं. एक प्राध्यापक बाई, एक कंपनीवाले, एक निवृत्त लष्करी अधिकारी. बाईंनी बाजारातल्या मारहाणीचं विचारलं. मारता येत असताना मारलं काहून नाही? आडे म्हणाले, “मॅडम, मारनं मले येते. न मारनं शिकून राह्यलो. त्याच्यासाठीच इथं आलो.” बाईंनी पेन खाली ठेवलं. झालंच होतं हो. तिथं झालंच होतं.

मग त्या अधिकाऱ्यांनी फाइल ओढली. म्हणाले, मेजर आडे, अकादमीतून कधी बाहेर पडलात?

आडे खुर्चीतून उठून सावधान उभे राहिले. “हवालदार, साहेब. कंपनी हवालदार मेजर.”

“इथे मेजर लिहिलंय. कोणी लिहिलं?”

“सही माझी आहे, साहेब.”

“मी विचारतोय, भरलं कोणी?”

“सही माझी आहे, साहेब.”

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही हेच उत्तर. माझं नाव त्या खोलीत निघालं नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं. खोटी माहिती दिल्यामुळे आपला अर्ज रद्द.

ते पत्र घेऊन ते क्लासात आले. माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “सर, हे मेजर कोनं लिहिलं?” आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते. त्या क्षणी ‘मी’ म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मला ते मनगट आठवलं, तो खल आठवला, आणि माझी जीभ आपोआप चालली.

“खालच्या सायबर कॅफेवाल्यानं केलं असेल, आडे. त्याच्याकडे पाठवलं होतं ना छापायला.”

थप्पड आली ती मला दिसलीसुद्धा नाही. मी बाकावर आदळून खाली पडलो, दात ओठात घुसला, तोंड रक्तानं भरलं. डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली, ती अजून वाजते.

“चूक माफ होती,” ते म्हणाले. “मी बाजूलेच उभा होतो सर. माऊस तुमच्याच हातात होता. चूक माफ होती, खोटं नाही.”

आणि मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. असा चेहरा मी माणसाचा पाहिलेला नाही. मला मारल्याचं दुःख नव्हतं ते, माझी तेवढी लायकी नव्हती. आठ महिने सांभाळलेलं काहीतरी त्या हातातून सांडलं होतं. बरगड्या मोडून घेतल्या, दात गमावले, पण बोटं सुटू दिली नाहीत त्या माणसानं. ती मी सोडवली. मुन्नाला जे टॉमीनं जमलं नाही ते मी एका वाक्यात केलं. ते जिना उतरले.

फुटलेला ओठ घेऊन मी त्याच दिवशी संस्थेला पत्र लिहिलं. चूक माझी, अर्जदाराची नाही, माझं नाव, माझी सही. उत्तर यायला दीड महिना गेला. पण आलं! त्या प्राध्यापक बाईंनी स्वतः लिहिलं होतं: या वर्षीच्या जागा भरल्या आहेत, पण पुढच्या वर्षी श्री. आडे यांनी नवा अर्ज करावा, आम्ही तो मोकळ्या मनानं पाहू. मी कागद छापला, स्कूटरला किक मारली आणि त्यांच्या यार्डात गेलो. तिथं कळलं, मेजरनं नोकरी बदलली. ज्या मालकानं मुन्नाला पोसलं होतं, त्यानंच आता मुन्नाला काढून यांना ठेवलं होतं. दुप्पट पगार देऊन, असं तिथला चौकीदार कौतुकानं सांगत होता.

त्या दुसऱ्या यार्डात मी गेलो तेव्हा दुपार होती. आडे कोळशाच्या ढिगाजवळ उलट्या बादलीवर बसले होते आणि उजवा हात मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवला होता. पाणी लालसर झालं होतं. मागच्या पत्र्याच्या शेडमधून कोणाच्या तरी कण्हण्याचा आवाज येत होता. डिझेल चोरून विकणारा ड्रायव्हर सापडला होता म्हणे.

मला पाहून ते उठले. “या सर. कान बरा हाये का?” मनापासून विचारलं.

मी कागद पुढे केला. एवढं बोलत होतो की माझंच मला ऐकू येत नव्हतं. बाईंनी लिहिलंय, मोकळ्या मनानं पाहणार आहेत, वयाची अट नाही, या वेळी चान्स पक्के आहेत आडे, रेंज नाही, पक्के! त्यांनी ओला हात पँटला पुसला आणि कागद डाव्या हातात धरून पूर्ण वाचला. ओठ हलवत, एकेक शब्द. सहीसुद्धा वाचली.

“बाई चांगली होती,” म्हणाले. मग कागद खाली करून, “पन सर, पुढच्या वर्षी ते विचारतीन न, मांगच्या वर्षी काय केलं म्हनून. तं काय सांगू?”

मी तोंड उघडलं. 

शेडमधून कोणीतरी हाक मारली, “मेजर! हा उठून राह्यला न!”

आडेंनी कागदाची नीट चौघडी केली, माझ्या शर्टाच्या खिशात घातली, खिसा वरून थोपटला आणि ते आत गेले.